गाडीकाकांचा कान

गाडीकाकांना लायसन मिळालं एकविसाव्या वर्षी. मतं मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून होती. गाडी या विषयावर त्यांना मत नाही असं कधी झालंच नाही. तुम्ही नुसतं म्हणायचं, "काका, गाडी घ्यावी म्हणतोय," की संपलं. चहा निवायचा, तुमची निघायची वेळ टळायची आणि काका अजून पहिल्याच मुद्द्यावर असायचे.

"छताला भोक असलेली घेऊ नकोस. छत कशासाठी असतं? वर बघायला? गाडी चालवणाऱ्याने समोर बघावं." हे सनरूफबद्दल. डॅशबोर्डवरच्या मोठ्या स्क्रीनबद्दल, "टीव्ही घरी आहे ना? मग?" मागच्या कॅमेऱ्याबद्दल, "ज्याला मान वळवायचा कंटाळा आहे, त्याने गाडी चालवायची कशाला?" ऑटोमॅटिकबद्दल मात्र ते जरा हळवे होत. "वाईट नाही रे. पण पाहुण्यासारखं वाटतं. आयतं ताट समोर येतं, स्वयंपाकघरात कुणी पाऊल ठेवू देत नाही." आणि काळ्या गाडीबद्दल, "घे की. आधी घरात ती धुणार कोण, तेवढं ठरव."

चालवण्याबद्दलची मतं तर त्याहून कडक. हॉर्न वाजवायची वेळ आली म्हणजे आपलं आधीच काहीतरी चुकलेलं असतं. क्लचवर पाय ठेवून बसणारा माणूस संसारातही असाच, धड इकडे नाही धड तिकडे नाही. ऐंशीच्या वर जाणाऱ्याला कुठे पोचायचं नसतं, त्याला फक्त दिसायचं असतं. आणि वळणावर ओव्हरटेक करणाऱ्याशी बोलायचंच नाही. हे शेवटचं त्यांनी अक्षरशः पाळलं होतं. धाकट्या मेव्हण्याने एकदा त्यांच्या देखत वळणावर ट्रकला मागे टाकलं, तर काका त्याच्याशी दोन वर्षं बोलले नाहीत. शेवटी काकूंनी जेवायला वाढणार नाही अशी धमकी दिली, तेव्हा कुठे समेट झाला.

पण अख्खी वसाहत काकांकडे येत होती ती मतांसाठी नव्हे. मतं काय, ती सगळ्यांकडेच असतात. लोक येत ते त्यांच्या कानासाठी.

जुनी गाडी घ्यायची ठरली की लोक ती आधी काकांच्या दारात आणून उभी करत. काका चप्पल घालून खाली येत, गाडीकडे फारसं बघत नसत. रंग, टायर, सीट, सगळं राहू दे. ते आत बसायचे, रेडिओ बंद करायचे, एसी बंद करायचे, बोलणाऱ्याला गप्प करायचे आणि काच चार बोटं खाली करून वसाहतीला दोन फेऱ्या मारायचे. कधी मालकाला चालवायला लावून स्वतः शेजारी डोळे मिटून बसायचे. परत आले की निकाल. "डावीकडचं पुढचं बेअरिंग जाणार आहे." "पट्टा सैल आहे." "ही गाडी कुणीतरी वर्षभर तिसऱ्या गिअरमध्येच चालवलीय, नको." लोक गॅरेजमध्ये खात्री करायला जात आणि मेकॅनिक विचारी, "आधी कुणी उघडली होती का हो?" चाक न काढता, बॉनेट न उघडता! काकांना त्याचा अभिमान होता आणि तो ते लपवत नसत. अहो, लपवायचा कशाला? इतकी वर्षं कमावलेला कान होता तो.

कमावला होता कारखान्यात. काका छापखान्यात मशीनमन होते, सव्वीस वर्षं, औषधांची खोकी छापणाऱ्या चाररंगी मशीनवर. खोलीएवढं लांब मशीन, एका टोकाला कोरा कागद आत जायचा आणि दुसऱ्या टोकाला छापलेले ताव धाडधाड पडायचे. दोन ताव चिकटून आत गेले तर दिवा लागायच्या आधी काकांचा हात लाल बटणावर असायचा, कारण मशीनचा ठेका त्यांना चुकल्यासारखा वाटायचा. कारखान्याने सगळ्यांना कान झाकायचे हेडफोनसारखे जाड पिवळे पट्टे दिले होते. काकांचा पट्टा खुंटीला होता, अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत. फोरमन दर महिन्याला ओरडायचा. काकांचं उत्तर ठरलेलं, "कान झाकले तर मशीनचं ऐकणार कोण? तू?"

तर झालं असं, की काकांच्या लेकीने जुनी गाडी घेतली. लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची, शाळेत विज्ञान शिकवायची. जावईबापू कामानिमित्त महिन्यातले वीस दिवस बाहेर, तेव्हा स्वतःची गाडी हवीच होती. तिला एक निळी, चार वर्षं वापरलेली गाडी पसंत पडली. रविवारी जावई आणि लेक ती घेऊन काकांच्या दारात हजर. लेकीने चालवली, काका शेजारी डोळे मिटून बसले. दोन फेऱ्या झाल्या. लेक जरा घुटमळली, म्हणाली, "बाबा, ब्रेक ठीक वाटतायत ना?" काका म्हणाले, "एक नंबर. ब्रेक घासले असते तर गाडीनेच सांगितलं असतं. डोळे झाकून घे." लेक आणखी काही बोलली नाही. त्याच संध्याकाळी व्यवहार झाला.

पुढच्या शनिवारी त्या गाडीची पहिली लांबची खेप ठरली. काकूंच्या थोरल्या बहिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. ती राहायची डोंगरापलीकडे, घाट उतरून गेल्यावर. काकू आणि लेक दोघींनी जायचं, काकांची पाळी असल्यामुळे त्यांनी राहायचं. सकाळी सात वाजता कामावर निघताना काकांनी दहा सूचना दिल्या आणि काकूंनी त्यातली एकही ऐकली नाही. रोजचंच ते.

त्या शनिवारी कारखान्यात कान तपासायची गाडी आली होती. मोठी पांढरी व्हॅन, आत पेटीसारखी छोटी खोली, काचेपलीकडे एक तपासणीवाल्या बाई. सगळ्या मशीनवाल्यांनी पाळीपाळीने आत बसायचं, कानाला हेडफोन लावायचा, आवाज आला की बटण दाबायचं. काका हसत हसत आत गेले. बाहेर फोरमनला म्हणालेसुद्धा, "माझी तपासणी कसली करता? मीच त्यांचं मशीन तपासून देतो."

सुरुवातीला जाड आवाज आले, घूं घूं, काकांनी फटाफट बटण दाबलं. मग थोडे पातळ आले, तेही दाबले. मग शांतता. बाई काहीतरी नोंद करत असतील म्हणून काका बसून राहिले. भिंतीवरची सूचना वाचली, दोनदा वाचली. बाजूच्या खिळ्याला कुणाचा तरी मफलर होता, तो बघितला. शेवटी कंटाळून त्यांनी काचेतून खूण केली, "पुढचं कधी सुरू करताय?"

बाई दार उघडून आत आल्या. "काका, केव्हाचं सुरू आहे. चार मिनिटं झाली."

"काहीतरीच काय! मशीन बंद पडलं असेल तुमचं."

बाईंनी हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावला, मान हलवली आणि मग कागदावर काढलेली रेघ काकांना दाखवली. रेघ निम्म्यापर्यंत सरळ आली होती आणि तिथून जी खाली घसरली होती ती कागदाच्या तळाशी. "तुम्हाला बोलणं ऐकू येतं, इंजिन ऐकू येतं, जाड आवाज सगळे येतात. म्हणून तुमच्या लक्षात आलं नाही. बारीक, तीक्ष्ण आवाज मात्र गेलेत. दोन-तीन वर्षं तरी झाली असतील. घरात फ्रीजचं दार उघडं राहिलं की पीं वाजतं, ते येतं ऐकू?"

काकांनी गेल्या वर्षी त्या फ्रीजची तक्रार केली होती, की याची शिट्टी बंद पडलीय. दुरुस्तीवाला येऊन बघून गेला होता आणि काकूंकडे बघून नुसता हसला होता. ताप मोजायची नळी तर पीं करत नाही, बिघडली, म्हणून त्यांनी फेकूनच दिली होती.

"बारीक म्हणजे नेमकं काय काय?" काकांनी विचारलं. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला.

"घड्याळाचा गजर, काही पक्षी, शिट्टी, धातूवर धातू घासल्याचा करकरीत आवाज..."

बाई पुढे बोलत होत्या. काकांनी त्यातलं काही ऐकलं नाही, आणि यात कानांचा दोष नव्हता. ब्रेकची पट्टी झिजत आली की तिच्यावरचं एक बारकं पातं चाकाच्या तबकडीला घासतं आणि कर्कश किंचाळतं. मुद्दाम तशीच योजना असते, चालवणाऱ्याने सावध व्हावं म्हणून. 'गाडीच सांगते' असं काका ज्याला म्हणत तो हाच आवाज. आणि तो त्यांना दोन-तीन वर्षांत एकदाही ऐकू आलेला नव्हता. कुठल्याच गाडीत. लेकीच्या गाडीतही नाही.

डोळे झाकून घे, असं सांगितलं होतं त्यांनी पोरीला.

घड्याळात दहाला दहा कमी. काकूंचा 'निघालो' असा निरोप सव्वानऊला आलेला. काकांनी लेकीला फोन लावला. वाजत राहिला. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, हे पोरीला शिकवलं कुणी? काकांनीच, आणि तेही चांगलं दरडावून. काकूंना लावला. काकूंचा फोन पर्सच्या तळाशी, आवाज बंद करून, हे सांगायला कुणाची गरज नव्हती. पुन्हा लेकीला, पुन्हा काकूंना. मग निरोप टाकला, 'घाट उतरू नका', आणि त्याच्यासमोर एकच राखाडी खूण आली नि तिथेच थांबली.

काकांचं डोकं बधिर झालं होतं तरी हिशेब मात्र चोख चालत होता. सपाट रस्त्यावर ब्रेक लागतात किती? फार नाही. चढावर तर नाहीच. धोका उतारावर, सोळा किलोमीटर, एकामागून एक वळणं. उताराच्या आधी माथ्यावर चहाचं हॉटेल आहे आणि तिथे त्या थांबणारच, कारण चढाच्या वळणांनी काकूंना मळमळतं, पंधरा-वीस मिनिटं त्यांना खुर्चीत बसावं लागतं. म्हणजे त्या माथ्यावरून निघायच्या आत तिथे पोचायचं. नाही पोचलो तर... त्याच्या पुढचं वाक्य काकांनी मनात पुरं होऊ दिलं नाही.

"मी चाललो," ते फोरमनला म्हणाले.

"अहो, मशीन चालू आहे! आणि कानांचं काय झालं?"

"कान गेले," काका म्हणाले आणि पळत सुटले. सव्वीस वर्षांत त्यांना कुणी पळताना बघितलं नव्हतं.

काकांची स्वतःची गाडी अठरा वर्षांची, लाल, रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसलेली. त्या गाडीने त्या दिवशी जे पाहिलं ते तिच्या जन्मात पाहिलं नव्हतं. काकांनी फाटकापाशीच हॉर्न वाजवला. मग वाजवतच राहिले. ऐंशी कधी गेलं, शंभर कधी आलं, त्यांनी काट्याकडे बघितलंच नाही. एका चौकात समोरचा हळू जातोय म्हणून त्याला भलत्या बाजूने मागे टाकलं. दुसऱ्या चौकात करकचून ब्रेक मारला, तेव्हा रस्त्याकडेचे चार लोक दचकून वळले आणि तोंडं वाकडी करून बघायला लागले. बघा बघा, काका मनात म्हणाले, म्हातारा चळलाय म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. घाट लागला. तिसऱ्या वळणावर पुढे विटांचा ट्रक, गोगलगाय परवडली. काका दोन क्षण थांबले, दात ओठ खाल्ले आणि भर वळणावर त्याला ओलांडून गेले. वरून काही येत नव्हतं म्हणून निभावलं. त्या क्षणी मेव्हण्याची आठवण होऊन ते जीव तोडून पुटपुटले, "चुकलं बाबा, चुकलं."

आणि सगळा वेळ डोळ्यांसमोर एकच. लेक उतारावर पाय दाबतेय, शेजारी काकू नेहमीसारख्या बडबडतायत, आणि पाय खोल खोल जातोय.

माथ्यावरचं हॉटेल दिसलं. काकांनी आधी डोळे मिटले आणि मग उघडले. हॉटेलच्या आवारात, झाडाखाली, निळी गाडी उभी होती. आणि गाडीशेजारी लेक आणि काकू, दोघी चक्क रस्त्याकडे तोंड करून उभ्या, जणू त्यांचीच वाट बघत.

काका गाडीतून उतरले की पडले हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. "घाट उतरायचा नाही!" ते ओरडले. "कुणी कुठे जायचं नाही! ब्रेक गेलेत गाडीचे!"

"अहो, काय झालं? घाम किती आलाय तुम्हाला!" काकू पुढे आल्या. काका त्यांना बाजूला सारून निळ्या गाडीच्या पुढच्या चाकापाशी पालथे झाले, कामावरच्या कपड्यांनिशी, भर धुळीत. फोनचा दिवा लावला, चाकाच्या फटीतून आत बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा ते ऐकण्याऐवजी बघत होते. ब्रेकच्या पट्ट्या कोऱ्या होत्या. बोटभर जाड, वरचा कारखान्याचा आकडासुद्धा पुसलेला नव्हता. दुसरं चाक बघितलं. तेही तसंच.

"बाबा," लेक शेजारी येऊन बसली. "सोमवारीच बदलून घेतल्या मी. चारही."

काका धुळीतच उठून बसले. डोळ्यांतून पाणी कधी आलं ते कळलंच नाही. "वाचलो गं," ते म्हणाले. "वाचलो. देवा, वाचलो."

काकूंनी आतून पाणी आणलं. काकांनी निम्मं प्यायलं, निम्मं अंगावर सांडलं. मग तपासणीचं सगळं सांगून टाकलं, एका दमात, रेघेसकट, फ्रीजसकट. "माझा कान गेला. मी तुला गाडी ऐकून दिली, आणि मला काही ऐकूच येत नव्हतं."

लेक म्हणाली, "मला रविवारीच कळलं होतं, बाबा. तुम्ही डोळे मिटून 'एक नंबर' म्हणालात तेव्हा गाडी अशी किंचाळत होती की समोरच्या गॅलरीतल्या आजींनी कान झाकले. आवाज कसला असतो ते मला तुम्हीच शिकवलंय ना, सातवीत असताना."

"मग तोंड का शिवलं होतंस?"

"हे शेजारी उभे होते. खाली चार माणसं होती. सगळ्यांसमोर कसं बोलू? म्हटलं आपण गुपचूप बदलून घेऊ, तुम्हाला नंतर निवांत सांगू. आठवडाभर रोज ठरवत होते, आज सांगते, आज सांगते."

काकांना राग यायला हवा होता. एरवी आला असता, मोठा आला असता. पण त्या क्षणी त्यांना पोरीचा इतका अभिमान वाटला की रागाला जागाच उरली नाही. "शहाणी आहेस," ते म्हणाले. "बापापेक्षा शहाणी." मग धूळ झटकत उठले. "चला, मी निघतो. पाळी अर्धी टाकून आलोय, फोरमन बोंबलत असेल. तुम्ही जा सावकाश."

दोघी मायलेकी जागच्या हलल्या नाहीत. एकमेकींकडे बघितलं फक्त.

"काय झालं?"

"अहो," काकू म्हणाल्या, "आम्ही बाहेर येऊन का उभ्या होतो, वाटतं तुम्हाला?"

"का?"

"तुम्ही येताय ते कळलं म्हणून. दोन वळणं आधीपासून. मी हिला म्हटलं, बाई गं, ही तर आपली लाल."

काकांना कळेना. लेकीने हळूच त्यांचा हात धरला. "बाबा, तुमची गाडी ओरडतेय. प्रत्येक वळणावर ब्रेक लावलात की. चहा पिणारे सगळे उठून बघत होते."

"कधीपासून?" काकांनी काकूंना विचारलं.

"झाले की तीन-चार महिने. मला वाटलं जुनी झाली, आता अशीच बोलणार. तुमच्यासारखा माणूस रोज बसतो तिच्यात, काही असतं तर तुम्हाला कळलं नसतं का?"

काका लाल गाडीपाशी गेले. पुन्हा धुळीत पालथे झाले, पुन्हा दिवा लावला. आत पट्टी म्हणून काही उरलंच नव्हतं. नखाएवढा काळा पापुद्रा, आणि तबकडीवर खोल ओरखडे. त्या ब्रेकवर ते शंभरच्या वेगाने आले होते. चढ होता म्हणून आले होते. आणि निळी गाडी झाडाखाली दिसली नसती, त्या दोघी पुढे निघून गेल्या असत्या, तर काकांनी क्षणाचा विचार न करता ही लाल गाडी तशीच त्यांच्यामागे त्या उतारावर घातली असती.

ते बराच वेळ उठले नाहीत. काकूंना काय ते समजलं असावं, कारण त्यांची बडबड एकदम थांबली आणि त्या काकांच्या पाठीवर हात ठेवून तिथेच धुळीत बसल्या, चांगल्या साडीनिशी.

"तुला मळमळतं म्हणून मी वाचलो," काका शेवटी म्हणाले.

"मग? आणि मला म्हणता, दर खेपेला वेळ घालवतेस."

लाल गाडी हॉटेलवाल्याकडे ठेवली, सोमवारी मेकॅनिक वर पाठवायचं ठरलं. फोरमनला फोन लावायला रेंज नव्हती, ते बरंच झालं. तिघं निळ्या गाडीत बसली. काकू पुढे, काका मागे. इतक्या वर्षांत ते कुणाच्या मागच्या सीटवर बसले नव्हते, पाय कुठे ठेवायचे तेच कळेना. पहिला तीव्र उतार आला. लेकीने ब्रेकवर पाय ठेवला, गाडी मऊपणे हळू झाली. काकांनी सवयीने डोळे मिटले, कान लावला, आणि मग डोळे उघडून विचारलं, "काही ऐकू येतंय का गं?"

"काही नाही, बाबा."

"नक्की?"

"नक्की."

"मग ठीक आहे," काका म्हणाले आणि डोकं मागे टेकून निवांत बाहेरचा डोंगर बघत बसले.